नवलभाऊंची पलटण

भुसावळात नवलला ओळखणारे पुष्कळ होते, पण नवलला पसंत पडेल असा माणूस अख्ख्या गावात नव्हता. रेल्वेच्या विभागीय कचेरीत तो मोठा बाबू. शेजारच्या टेबलावर क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की हा खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करी. भाऊबंदांच्या लग्नाला गेला तर अक्षता पडेपर्यंत कसाबसा थांबे आणि पंगतीतल्या वरण-बट्टीला नावं ठेवत घरी येई. थंडी पडली की सगळा जिल्हा वांगी भाजायला शेतावर धावतो, भरीत खातो, चार घटका हसतो-खिदळतो. नवल त्याला ढोरांचा मेळा म्हणे. गाढवाला गुळाची चव काय, ही त्याची लाडकी म्हण. ती तो इतक्या जणांना लावी की ऐकणाऱ्याला वाटावं, खान्देशात गूळ खाणारा हा एकटाच उरला आहे.

आणि हा गूळ म्हणजे काय, तर अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे शिपाई. परदेशातून त्यांचे सुटे अवयव खोक्यातून येतात. पाय वेगळे, धड वेगळं, मुंडकं वेगळं, हात वेगळे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, केसाएवढ्या कुंचल्यानं रंगवायचे, आणि मग टेबलावर डोंगर-नाले मांडून, टेपनं अंतर मोजून, फासे टाकून लढाई खेळायची. नवलची आई झुंबरबाई जामनेरजवळच्या गावाहून कधीमधी येई, तेव्हा काचेच्या कपाटापुढे उभी राहून पन्नाशीला टेकलेल्या लेकाच्या बाहुल्या बघे आणि कपाळाला हात लावी. नवल चिडे. ही खेळणी नव्हेत, असं तो आईला बजावी. मग काय आहेत, असं तिनं विचारलं की मात्र तो कपाटाची काच ओढून घेई.

हाताचा मात्र तो खरा पक्का होता, एवढं मान्य करायला हवं. या खेळात शिपायाच्या हातात काय आहे यावर सगळा डाव ठरतो. आज भाला हवा, उद्या बंदूक. हात एकदा चिकटवून टाकला की संपलं, बंदुकीसाठी दुसरा शिपाई विकत घ्या. यावर तोड म्हणून शौकीन लोक शिपायाच्या खांद्यात आणि हाताच्या मुळाशी बारीक भोक पाडून त्यात चुंबक बसवतात. मुगाच्या डाळीएवढी चकती, पण जोर असा की हात खांद्याजवळ नेला की टक्कन बसतो आणि ओढला की सुटतो. एकच शिपाई, हात हवे तेवढे. नवलनं आपली सगळी पलटण अशी करून घेतली होती. खांदे, मनगटं, घोड्यांवरची खोगिरं, निशाणांच्या काठ्या, जिथं भोक पाडता येईल तिथं त्यानं चुंबक पुरला होता.

यात एकच भान ठेवावं लागतं. चुंबकाला दोन तोंडं. खांद्यात एक तोंड बाहेर आलं तर हातात दुसरं यायला हवं, नाहीतर हात बसायचा सोडून उडून जातो. म्हणून जाणकार माणूस सगळ्या फौजेला एकच नेम लावतो. नवल चुंबकांची कांडी करून ठेवी, तिच्या एका टोकाला बायकोच्या नखपॉलिशचा लाल ठिपका देई, आणि लाल तोंड नेहमी खांद्यातून बाहेर काढी. त्यामुळे त्याच्या कुठल्याही शिपायाचा हात कुठल्याही शिपायाला बसे. ही शिस्त तो येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता समजावून सांगे.

आता अडचण अशी की लढाईला शत्रू लागतो. नवलकडे पलटण होती, रणांगण होतं, फक्त समोर कुणी नव्हतं. कचेरीतला रुपचंद एकदा उत्सुकतेनं आला. नवलनं त्याला शिपाई कसा धरायचा इथपासून सुरुवात केली, प्रत्येक खेळीला चूक काढली आणि शेवटी तुझ्या डोक्याचं हे काम नाही म्हणून मोकळा झाला. रुपचंद पुन्हा फिरकला नाही. मेहुणा अभिमन धुळ्याहून आला होता, त्यानं कॅरमची सोंगटी मारावी तसा एक घोडेस्वार टिचकीनं सरकवला. त्याला नवलनं जेवायच्या आधीच पाणउतारा करून उठवलं. दिपमाला, म्हणजे नवलची बायको, हिनं नवऱ्याची दया येऊन एक दुपार फासे टाकले. ती जिंकली. नवलनं नियमांच्या पुस्तकातून तिचा डाव बाद ठरवला आणि तिला पुन्हा बोलावलं नाही.

पुण्याच्या शौकिनांचा नेटवर एक गट होता. तिथं नवल आपल्या पलटणीचे फोटो टाकी आणि लोक वाहवा करत. पण कुणीतरी हमखास विचारी, भाऊ, तुम्ही खेळता कुणाशी? या प्रश्नानं नवलचा जीव जाळला होता. सगळी हयात एका गोष्टीत घातली आणि तीसुद्धा कपाटात मांडून ठेवण्यापुरतीच निघाली, तर मग ज्या लोकांना आपण ढोरं म्हणतो त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय? एवढा एकच विचार नवलला घाबरवू शकत होता. त्याला पुण्याच्या टेबलावर, लोकांच्या देखत, एकदा तरी लढायचं होतं.

त्याच गटात त्याला प्रशील सापडला. राहणारा जळगावचा, वयानं पंधरा-सोळा वर्षांनी लहान, विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासणारा. गाडी खरंच ठोकली गेली की भरपाईसाठी कुणी मुद्दाम ठोकली, हे पत्र्याच्या चुरगळीवरून ओळखायचं, हा त्याचा धंदा. जळगावहून भुसावळला गाडीनं यायला वेळ तो किती लागतो! नवल पहिल्या रविवारी त्याला घ्यायला स्टेशनवर गेला, आणि घरापर्यंतच्या वाटेत त्यानं आपल्याकडचा जुना खेळ सुरू केला. मूळ गाव कोणतं, गावात घर कोणत्या बाजूला, पाहुणे कुठले. प्रशील हे प्रश्न लहानपणापासून ऐकत आलेला. तो चालता चालता सरळ म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत, नवलभाऊ. तेवढंच विचारायचं होतं ना?"

छे छे, तसं नाही, आपण तसलं काही मानतच नाही, असं नवल म्हणाला. आणि त्या दिवसापासून आपण मानत नाही हे तो मोजमापानं सिद्ध करू लागला. प्रशील त्याच्या घरात जेवे, घरातल्याच ताटांत, घरच्यांच्या शेजारी. आमच्या घरात वेगळा कप-बिप नाही, हे नवलनं कचेरीत सांगितलं, भावकीत सांगितलं, झुंबरबाईला तर फोन करून सांगितलं. म्हातारी नुसतं हूं म्हणाली. एका माणसाला जेवू घातलं तर एवढा डांगोरा कशाला पिटावा लागतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. स्वतःहून सुचण्याची सोय नव्हतीच.

तरी ते रविवार नवलच्या आयुष्यातले सर्वांत चांगले, हे खोटं नाही. प्रशील शांत डोक्याचा. नवल शिकवू लागला की ऐकून घेई, चूक काढली की हसे, आणि पुढल्या खेळीला ती चूक करत नसे. पहिलं वर्षभर तो हरत राहिला. मग बरोबरीत सुटू लागला. मग एका रविवारी त्यानं नवलच्या पलटणीला नाल्यात गाठून चेचलं, तेव्हा नवल म्हणाला की आज फासेच वाईट पडले. दिपमाला स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला हसू आलं. त्या दोघांचं भांडण-खेळणं तिला घरात हवंसं वाटू लागलं होतं, कारण आठवड्यातून एक दिवस का होईना, नवरा कुणाची तरी वाट पाही.

नवल मात्र जळगावला एकदाही गेला नाही. प्रशील बोलवी. नवलला कधी गुडघा आडवा येई, कधी ऊन, कधी गाडीतली गर्दी.

प्रशीलच्या शिपायांचे हात चिकटवलेले होते. पुण्याला दोघा-दोघांच्या जोडीची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा नवलनं उत्साहानं दोघांचं नाव दिलं आणि प्रशीलला म्हणाला की तुझी ही ताठ हातांची पलटण घेऊन तिथं शोभा व्हायची, आण सगळी, मी चुंबक बसवून देतो. प्रशीलनं दोन खोकी आणून दिली. घरी रात्री दिव्याखाली बसून रंगवलेले शिपाई होते ते, तळहातावर घेऊन रंगवलेले. त्याच्या बायकोनं, प्रज्ञानं, निशाणांवरची नक्षी काढली होती. प्रशील म्हणाला, तुमच्या हातात देतोय म्हणून निर्धास्त आहे.

शनिवारी दुपारी नवल कामाला बसला. पहिला शिपाई चिमट्यात धरला, हातड्रिलनं खांद्याला भोक पाडलं, चुंबकांची कांडी उचलली. सवयीनं लाल तोंड पुढे आलं. तिथं त्याचा हात थांबला. मनात काहीतरी आलं आणि त्यानं कांडी उलटी फिरवली.

काय मनात आलं, हे त्यानं स्वतःला नीट समजावून सांगितलं. दोन्ही पलटणी आता एका टेबलावर येणार, हात सुटणारे, प्रवासात खोक्यात गोंधळ होणार, तेव्हा त्याचे हात माझ्या शिपायांना बसूच नयेत ही व्यवस्था बरी. म्हटलं तर किती शहाणपणाची गोष्ट! फक्त दोन्ही पलटणींचे रंग मुळातच वेगळे होते, एकाचे निळे, दुसऱ्याचे मातकट, अंधारातही ओळखू यावेत इतके वेगळे. त्यातूनही धास्ती होती तर हाताच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका दिला असता तरी भागलं असतं. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ज्यानं आयुष्यभर चुंबकाचं तोंड चुकवलं नाही, त्यानं एकामागून एक शंभरावर खांद्यांत ते मुद्दाम उलटं पुरलं. मनाला टोचणी नाही. संध्याकाळी काम हातावेगळं करून त्याला हलकं वाटलं. माणूस स्वतःच्या घरातला वेगळा कप फेकून देतो, त्याचा गावभर गवगवा करतो, आणि मग तो कप शिपायाच्या खांद्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुपरग्लूनं चिकटवून ठेवतो. नवलच्या जातीची माणसं अशीच, आणि जात म्हणजे इथं कुळ-आडनाव एवढंच म्हणत नाही मी.

प्रशील पलटण बघून खूश झाला. त्यानं हात काढून-बसवून पाहिले, प्रज्ञाला फोनवर दाखवले, नवलला जळगावच्या मिठाईचा पुडा दिला. नवलनं तो हो-नाही करत घेतला.

स्पर्धेच्या महिनाभर आधीचा सरावाचा रविवार. जोडीच्या खेळात दोघांच्या फौजा एकाच बाजूच्या. प्रशीलच्या एका शिपायाचा भाला मोडला होता. नवल आत चहा आणायला गेला होता, म्हणून प्रशीलनं त्याच्या डब्यातला एक भाल्याचा हात उचलला आणि आपल्या शिपायाला लावायला गेला. हात बोटांतून निसटून टेबलावर पडला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा उडाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग त्यानं आपल्या शिपायाचा हात काढून नवलच्या शिपायाला लावून पाहिला. नवल चहाचे कप घेऊन आला तेव्हा टेबलावर एका बाजूला निळे आणि एका बाजूला मातकट असे हात ओळीनं मांडलेले होते, आणि प्रशील गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाडीखाली वाकून पाहतो तसा वाकून त्यांच्याकडे पाहत होता.

नवल म्हणाला, गल्लत झाली असेल.

प्रशीलनं मान हलवली. एखाद-दुसरा उलटा बसला तर गल्लत म्हणता येते, तो म्हणाला. हे सगळेच्या सगळे उलटे आहेत, आणि आपापसात मात्र एकही चुकलेला नाही. त्याचा आवाज चढला नव्हता. नवलला वाटलं, खरं सांगून टाकलं की विषय मिटेल.

"अरे, तुझे-माझे मिसळू नयेत म्हणून केलं," तो म्हणाला.

"मिसळले असते तर काय झालं असतं, नवलभाऊ?"

हा प्रश्न नवलनं स्वतःला कधी विचारला नव्हता. हातातले कप तसेच धरून तो उभा राहिला.  प्रशीलनं आपले शिपाई एकेक करून खोक्यात ठेवले. आतून दिपमालानं ताटं वाढल्याचं सांगितलं. नवलला वाटलं हा आता ताडकन निघून जाणार. पण प्रशील हात धुऊन पाटावर बसला, शेवभाजी-भाकरी पोटभर जेवला, भाजी फार छान झाली वहिनी म्हणाला, आणि खोकी उचलून गाडीच्या वेळेला निघाला. 

पुढचे दोन-तीन रविवार कुणी आलं नाही. नवलनं आधी तोरा दाखवला. गेला तर गेला. या लोकांना सगळीकडे तेच दिसतं, साध्या चुंबकातसुद्धा. दिपमालाला हे त्यानं ऐकवलं तेव्हा तिनं टेबलावरचं रणांगण आवरायला घेतलं आणि तो तिच्या अंगावर खेकसला. स्पर्धा जवळ येत होती. पाठवलेले निरोप प्रशील वाचत होता, उत्तर देत नव्हता. जोडीदार नसेल तर नाव रद्द, असं पुण्याहून कळलं. तेव्हा कुठं नवलचा गुडघा बरा झाला आणि तो जळगावच्या गाडीत बसला.

जाताना त्यानं मनाशी ठरवलं होतं की तिथं आपण चहा घ्यायचा, खायला दिलं तर खायचं, आढेवेढे घ्यायचे नाहीत. घर चांगलं नेटकं निघालं, याचं त्याला उगीच आश्चर्य वाटलं. प्रशीलची आई द्रौपदाबाई मेथी निवडत बसली होती. तिनं या म्हटलं. प्रज्ञानं चहा आणला. नवलनं कप उचलला, सगळ्यांना दिसेल असा पहिला घोट घेतला आणि वर पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. द्रौपदाबाई मेथीच्या काड्या बाजूला काढत होती. त्याच्या चहा पिण्याचं या घरात कुणाला कौतुक नव्हतं. नवलला ते बोचलं, आणि बोचल्याचं त्याला कळलंही नाही, एवढा तो बथ्थड होता.

मग त्यानं विषय काढला. झालं ते झालं, तो म्हणाला, तुझी खोकी दे, मी सगळे चुंबक काढून सरळ बसवून देतो. माफी हा शब्द त्यानं टाळला. 'सरळ' हा मात्र वापरला.

प्रशील त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "माझे राहू द्या तसेच. मला आवडतात. तुमचे फिरवा."

नवल हसला. थट्टा आहे असं त्याला वाटलं. प्रशील हसत नव्हता.

"दोघांचे एकमेकांना बसले पाहिजेत, एवढंच ना? माझे फिरवले काय, तुमचे फिरवले काय, काम सारखंच आहे. तुम्ही तुमचे फिरवा. ज्या दिवशी फिरवाल त्या दिवशी मी येतो, आपण पुण्याला जाऊ. मी मनात काही ठेवणार नाही."

नवल म्हणाला की माझी पलटण जुनी आहे, कितीतरी वर्षांची, खांद्यांवरचा रंग उडेल. प्रज्ञा दारात उभी होती. ती म्हणाली की आमच्या शिपायांचाही खांद्यांवरचा रंग उडाला होता भोकं पाडताना, मी परत दिला. एवढं बोलून ती आत गेली. नवलनं पुन्हा काहीतरी पुस्तकी सांगायला सुरुवात केली, तेव्हा प्रशीलनं गाडीची वेळ सांगितली आणि त्याला फाटकापर्यंत पोचवायला आला. 

परतीच्या गाडीत नवलनं हिशेब केला. काम दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी काढायचे, दुसऱ्या दिवशी बसवायचे. आणि मग पुणं, भरलेलं सभागृह, वर्षानुवर्षं मनात मांडे खाल्ले ते सगळं. एवढ्या स्वस्तात सुटका कुणाला मिळते? दुखावलेल्या माणसानं स्वतःहून दार उघडं ठेवलं होतं, आणि आत यायला फक्त मान वाकवायची होती, तीही कुणी बघत नसताना, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो बसला. त्यानं निवडून सगळ्यांत कमी लाडका शिपाई घेतला, मागच्या रांगेतला एक नगारेवाला. त्याच्या खांद्याशी पातं लावलं. पातं टेकलं आणि तिथंच राहिलं. मी का फिरवू, असं त्याच्या मनात आलं. चूक झाली, कबूल, पण फिरवायचं तर त्यानं फिरवावं. माझे मुळापासून बरोबर आहेत. मी कुणाच्या मापानं का बसू? याच्यापुढे त्याचं डोकं जाईना. नगारेवाला खाली ठेवून त्यानं दुसरा उचलला, तोही ठेवला. दुपार झाली. सगळी पलटण टेबलावर जशीच्या तशी उभी होती.

दिपमाला कपडे वाळत घालून आली. रागावली की ती माहेरची, धुळ्यातल्या देवपूरची होई आणि तिची अहिराणी बाहेर पडे. तिनं टेबलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"दोन दिनना काम शे. करी टाका ना."

रंग जाईल, नवल पुटपुटला.

"त्या मानूसना संगे ताटले ताट लाईसन जेवनात," ती म्हणाली, "आनि एक बाहुलीना हात फिरावता येत नही तुमले? मंग ते जेवन बठ्ठं, सारं, खोटंच व्हतं."

नवलनं तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. मग तोच उठला, पलटण उचलून कपाटात लावली, काच ओढली आणि पंखा लावून आडवा झाला. सुंभ जळतो, पीळ राहतो, असं जुनी माणसं म्हणतात. इथं सुंभ जळलाही नव्हता, नुसता धूर झाला होता आणि तेवढ्यानंच नवलभाऊंचा दम कोंडला. प्रशीलला त्यानं काहीच कळवलं नाही. पुण्याहून शेवटची विचारणा आली, तेव्हा जोडीदारानं ऐनवेळी माघार घेतली, असं लिहून पाठवलं.

स्पर्धा झाली. गटात फोटो आले, ते त्यानं पाहिले नाहीत. सोमवारी कचेरीत रुपचंदनं सहज विचारलं की तुझं ते पुण्याचं काय झालं, जाणार होतास ना त्या जळगावच्या मित्राबरोबर? इतकी वर्षं ज्या कचेरीला तो ढोरांचा गोठा म्हणत आला, तिथं नवल खुर्ची वळवून बसला, पण या वेळी खिडकीकडे नाही, माणसांकडे.

"त्या लोकांचं असंच असतं," तो म्हणाला. "कितीही जवळ करा."

हे वाक्य त्यानं आयुष्यात कधी चारचौघांत तोंडातून काढलं नव्हतं, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता. ते निघालं आणि काही कोसळलं नाही. रुपचंदनं मान डोलावली. पलीकडच्या टेबलावरच्यानंही डोलावली, आणि आपल्याकडचा तसलाच एक अनुभव सांगायला सुरुवात केली. कुणीतरी नवलसाठी चहा मागवला. तो त्यानं घेतला आणि बोलणाऱ्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकही चूक न काढता. भुसावळात त्याला शेवटी आपली माणसं सापडली.